वाचक विचारतात : अँटेना सर्क्युलर करायची की नाही?

प्रश्न : नमस्कार सर, मी साताऱ्याचा. नुकतंच हौशी म्हणजे हॅम रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स मिळालं, व्हीयू३ कॉलसाईन आहे. हँडी (हातातला रेडिओ) आणि घरी केलेली तीन एलिमेंटची यागी (दांड्यावर ओळीने काड्या लावलेली, एका दिशेला रोखायची अँटेना) घेऊन गच्चीवरून आयएसएसचा म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झ ऐकतो. सिग्नल मस्त चालू असतो आणि मधेच एकदम गायब होतो, थोड्या वेळाने परत येतो. ओळखीचे सगळे म्हणतात सर्क्युलर अँटेना कर. हे नक्की काय असतं आणि त्याने खरंच फरक पडेल का?

उत्तर : फरक पडेल. पण त्याआधी एक बिनपैशाचा प्रयोग करा. पुढच्या पासला म्हणजे स्टेशन आपल्या आकाशातून जाताना आवाज खाली गेला की यागी स्टेशनकडे रोखलेलीच ठेवा आणि फक्त मनगट वळवून ती पाव फेरी फिरवा, म्हणजे उभे असलेले एलिमेंट आडवे होतील. बहुतेक वेळा आवाज तिथल्या तिथे उसळून परत येतो आणि मग तुम्हाला कोणी वेगळं समजावून सांगायची गरजच उरत नाही.

होतं काय, तर साध्या अँटेनातून निघणाऱ्या लहरीचं विद्युतक्षेत्र एकाच रेषेत मागेपुढे होत असतं. व्हिप (एकच काडी) उभी असेल तर उभं, डायपोल (मधून जोडलेल्या दोन काड्या) आडवा असेल तर आडवं. घेणारी अँटेना त्याच रेषेत असली तर सगळं मिळतं, काटकोनात गेली तर पुस्तकाप्रमाणे काहीच मिळायला नको, प्रत्यक्षात आजूबाजूच्या भिंती, टाक्या, तारा यांच्यावर आपटून थोडंफार पोचतं आणि नुकसान साधारण २० डीबी किंवा त्याहून जास्त होतं. २० डीबी म्हणजे पॉवरचा शंभरावा हिस्सा. तुम्ही म्हणता तो गायब होणारा सिग्नल बहुतांशी हाच. स्टेशन ४०० किलोमीटरच्या आसपास उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातंय, दहाएक मिनिटांच्या पासमध्ये त्याच्यावरची अँटेना तुम्हाला सतत वेगळ्या कोनातून दिसते, त्यामुळे एका क्षणी जुळलेली रेषा पुढच्या मिनिटाला जुळत नाही.

त्यात भर आयनोस्फिअरची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या त्या विद्युतभारित थरातून लिनिअर म्हणजे एकाच रेषेतली लहर जाते तेव्हा तिची रेषाच वळत जाते, याला फॅरडे रोटेशन म्हणतात (मायकेल फॅरडेने १८४५ साली काचेतून जाणाऱ्या प्रकाशात हा परिणाम पहिल्यांदा पाहिला होता). हे वळणं फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. भर दुपारी आयनोस्फिअर दाट असताना त्याच्या पूर्ण थरातून जाणारी १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन-अडीच फेऱ्यासुद्धा वळू शकते, त्याच परिस्थितीत ४३५ ला ते शंभर अंशांच्या घरात येतं आणि २४०० ला फक्त तीन-चार अंश. आयएसएस या थराच्या मधेच फिरतं त्यामुळे त्याच्या सिग्नलला याहून कमी वळण बसतं, पण दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) तेवढंही पुरतं. आणि आपल्याकडे तर विषुववृत्ताजवळच्या दाट आयनोस्फिअरचा उत्तरेकडचा उंचवटा अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर येतो, त्यामुळे युरोपातल्या कोणी लिहिलं की मला काही त्रास नाही, तर ते आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही.

आता सर्क्युलर. एकमेकांना काटकोनात दोन डायपोल घ्या, दोघांना सारखीच पॉवर द्या, पण एकाला पाव सायकल म्हणजे ९० अंश उशिरा द्या. मग क्षेत्राची दिशा एका रेषेत न राहता गोल फिरायला लागते, दर सायकलला एक फेरी, म्हणजे १४५.८ मेगाहर्ट्झवर सेकंदाला १४ कोटी ५८ लाख फेऱ्या. अशा अँटेनावर कुठल्याही कोनातली लिनिअर लहर आली तरी तिच्यातली अर्धी पॉवर मिळते, कोन काही का असेना. म्हणजे कायमचे ३ डीबी गेले पण २० डीबीचा खड्डा बुजला. एस मीटरवर (रेडिओवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) एक एस युनिट ६ डीबीचं धरतात, म्हणजे तुम्ही अर्धं युनिट देऊन पूर्ण पासभर स्थिर आवाज घेताय. माझ्या मते हा सौदा सॅटेलाईटसाठी कधीही करावा.

क्षेत्र कुठल्या बाजूने फिरवायचं, राईट की लेफ्ट, तर आयएसएसच्या व्हीएचएफ अँटेना लिनिअर आहेत त्यामुळे दोन्ही चालतं, तरी राईटच करा कारण पुढे ज्या सॅटेलाईटकडे वळाल त्यातले बरेचसे राईट हँड आहेत. दोन्ही टोकं सर्क्युलर असतील तर मात्र फिरण्याची दिशा जुळलीच पाहिजे, उलटी झाली तर परत तेच वीस-बावीस डीबी जातात.

प्रश्न : सर, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आरटीएल एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ रिसीव्हर) घेतलाय. अमेरिकेच्या नोआ हवामान सॅटेलाईटचे फोटो घ्यायचे होते तर कळलं ते सॅटेलाईट बंद झाले. आता मिटिओरसाठी कुठली अँटेना करू, व्ही डायपोल, टर्नस्टाईल की क्यूएफएच?

उत्तर : हो, नोआ १५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये निवृत्त झाले, त्या १३७ मेगाहर्ट्झच्या टिकटिक आवाजावर कित्येक मुलं रेडिओकडे वळली होती, मला व्यक्तिशः फार चुटपूट लागली. पण रशियाचे मिटिओर एम २-३ आणि २-४ त्याच बँडमध्ये फोटो पाठवतात, १३७.९ किंवा १३७.१ वर, आणि ते डिजिटल आहेत त्यामुळे चित्र जास्त स्वच्छ येतं.

सुरुवात व्ही डायपोलने करा. दोन ॲल्युमिनिअमच्या काड्या, प्रत्येकी साधारण ५३ सेंटिमीटर, मधला कोन १२० अंश, जमिनीला समांतर ठेवायच्या आणि व्हीचा अक्ष उत्तर-दक्षिण, कारण हे सॅटेलाईट ध्रुवांवरून ये-जा करतात. ही अँटेना लिनिअर आहे, सॅटेलाईट राईट हँड सर्क्युलर, म्हणजे तुमचे ३ डीबी जातात. तरी ती चालते याचं कारण ती आडवी आहे, आणि शहरातले बहुतेक वॉकीटॉकी वगैरे उभ्या पोलरायझेशनचे (म्हणजे क्षेत्राची दिशा उभी) असतात, ते सगळे तिला बरेच कमी ऐकू येतात. नाशिकसारख्या ठिकाणी हा फायदा गमावलेल्या ३ डीबीपेक्षा मोठा असतो.

पण डिजिटल सिग्नलचं एक आहे. जुन्या नोआचा सिग्नल कमी झाला की चित्रात खरखर यायची, मिटिओरचा एका मर्यादेखाली गेला की ओळीच्या ओळी काळ्या. म्हणून सॅटेलाईट क्षितिजाजवळ असताना ते ३ डीबी हवेहवेसे वाटायला लागतात. तेव्हा क्यूएफएच करा. एसीवाल्याकडे मिळते ती तांब्याची नळी किंवा जाड वायर, पीव्हीसी पाईपवर दोन लूप पीळ देऊन बसवायचे, एक थोडा मोठा आणि एक थोडा छोटा. मापं मुद्दाम वेगळी असतात, मोठा लूप रेझोनन्सच्या एका बाजूला आणि छोटा दुसऱ्या बाजूला पडतो, त्यामुळे ९० अंशांचा फरक आपोआप तयार होतो, वेगळी फेजिंग लाईन (उशीर करणारी केबल) लागत नाही. त्यामुळेच मापात हात सैल सोडायचा नाही, पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे झालं की गोल फिरणं लंबगोल होतं. टर्नस्टाईल (काटकोनातले दोन आडवे डायपोल) मधली गोष्ट आहे, डोक्यावर छान, क्षितिजाकडे गेलं की पुन्हा लिनिअरच्या जवळ. एकदा क्यूएफएच करायला बसणारच असाल तर टर्नस्टाईलवर वेळ घालवू नका.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितोय. क्यूओ-१०० या सॅटेलाईटवरून बोलायचंय. अपलिंक (जमिनीवरून वर जाणारा सिग्नल) राईट हँड सर्क्युलर आहे असं सगळीकडे लिहिलंय, पण डिशच्या फीडसाठी (डिशकडे तोंड करून बसवलेल्या छोट्या अँटेनासाठी) जी हेलिक्स (स्प्रिंगसारखी गुंडाळलेली अँटेना) दाखवतात ती लेफ्ट हँड असते. कुणाचं चुकलंय? आणि हेलिक्स घरी होते का?

उत्तर : कुणाचंच चुकलेलं नाही. सर्क्युलर लहर धातूवर आपटून परत फिरली की तिची दिशा उलटी होते. हेलिक्स डिशकडे तोंड करून लेफ्ट सोडते, डिशवरून निघताना ती राईट झालेली असते, सॅटेलाईटला राईट मिळते. डिशशिवाय लांब हेलिक्स थेट आकाशाकडे रोखणार असाल तर मात्र ती राईट हँडच गुंडाळायची.

ओळखायची खूण सोपी आहे, बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्क्रूचे आटे ज्या बाजूने फिरतात तशी गुंडाळलेली हेलिक्स राईट हँड. बी.एस्सी.च्या फिजिक्सवाल्यांनी एक लक्षात ठेवा, रेडिओत अँटेनाच्या मागे उभं राहून लहर जाताना बघायची आणि क्षेत्र घड्याळाच्या दिशेने फिरलं तर राईट म्हणायचं, प्रकाशाच्या बऱ्याच पुस्तकांत समोरून बघतात आणि तिथे नाव बरोबर उलटं होतं. एका पुस्तकातून सूत्र आणि दुसऱ्यातून आकृती घेतली की अख्खी अँटेना उलटी होते.

हेलिक्स घरी होते, आणि तिचा जन्मही घरीच झालाय. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जॉन क्राऊस म्हणून प्राध्यापक होते, स्वतः हॅम, कॉलसाईन डब्ल्यू८जेके. १९४६ मध्ये ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब या मायक्रोवेव्ह सिग्नल वाढवणाऱ्या नळीवरचं एक व्याख्यान ऐकल्यावर त्यांनी पाहुण्या वक्त्याला विचारलं की ट्यूबमधली ही हेलिक्स अँटेना म्हणून चालेल का, तर तो म्हणाला मी करून पाहिलंय, नाही चालत. क्राऊस घरी गेले, तळघरात सात वेढ्यांची कॉईल केली, वेढ्याचा परीघ एका वेव्हलेंग्थइतका ठेवला, १२ सेंटिमीटर वेव्हलेंग्थच्या ऑसिलेटरला जोडली आणि कॉईलच्या उघड्या टोकातून धारदार, गोल फिरणारा बीम निघाला. त्या वक्त्याने नाही म्हटलं आणि यांनी तरी करून बघितलं, यातच सगळं आलं.

मापं अजून तीच. परीघ एक वेव्हलेंग्थ, दोन वेढ्यांमधलं अंतर पाव वेव्हलेंग्थपेक्षा किंचित कमी, चढाचा कोन १२ ते १४ अंश. २४०० मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ १२५ मिलिमीटर, म्हणजे व्यास जेमतेम ४० मिलिमीटर आणि अंतर २८ ते ३० मिलिमीटर. इम्पिडन्स (केबलला दिसणारा रोध) साधारण १४० ओहम येतो, केबलच्या ५० वर आणण्यासाठी पहिल्या पाव वेढ्यावर तांब्याची पट्टी सोल्डर करून ती रिफ्लेक्टर प्लेटच्या जवळ नेत जुळवतात. डिशच्या फीडला वेढे थोडेच ठेवा, तीन-साडेतीन बस झाले, जास्त वेढे म्हणजे अरुंद बीम आणि मग डिशच्या कडा रिकाम्या राहतात.

तुमच्या पत्रात नाही पण पुढे अडेलच म्हणून सांगतो. क्यूओ-१०० म्हणजे कतारचा एस्हेल-२, नोव्हेंबर २०१८ मध्ये गेलेला, २५.९ अंश पूर्वेला उभा आहे. आपल्याला तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला दिसतो, मुंबई-पुण्याकडून साधारण ३२-३३ अंश उंच, नागपूरकडून २६. त्याची १०४८९ मेगाहर्ट्झच्या पुढची नॅरोबँड डाऊनलिंक (सॅटेलाईटवरून खाली येणारा सिग्नल) मात्र लिनिअर आहे, व्हर्टिकल. आणि तो आपल्या रेखांशापासून जवळजवळ ४७ अंश पश्चिमेला असल्यामुळे त्याचं व्हर्टिकल आपल्या उभ्याला जुळत नाही, मुंबईत एलएनबी (डिशवरचा रिसीव्हर) साठ अंशांहून जास्त वळवावी लागते, डिशच्या मागे उभं राहून सॅटेलाईटकडे बघितलं तर घड्याळाच्या दिशेने. एलएनबीला १२-१३ व्होल्ट द्या, १८ दिले की ती हॉरिझॉन्टल ऐकते आणि तुम्ही तासभर शोधत बसता. त्याच डिशवरच्या तुमच्या सर्क्युलर अपलिंक फीडला यातलं काहीच बघायचं नाही, वळवलीत काय नि न वळवलीत काय, सारखंच. एकाच डिशवर दोन पद्धती शेजारी शेजारी, फरक समजून घ्यायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. ज्यांना दोन्ही बँड एकाच फीडमध्ये हवेत त्यांनी पॅच ऑफ द इयर नावाचं डिझाईन बघावं, प्लंबिंगच्या २२ मिलिमीटर तांब्याच्या पाईपमधून १० गिगाहर्ट्झ आत जातं आणि त्याच्याभोवतीचा पॅच २४०० ला लेफ्ट हँड सोडतो.

ट्रान्समिट करण्याआधी आपल्या लायसन्समध्ये तो बँड आणि मोड आहे का ते नीट वाचा. आणि आपला परत येणारा सिग्नल ऐकत ऐकतच बोला, सॅटेलाईटच्या बीकनपेक्षा (त्याच्या खुणेच्या सिग्नलपेक्षा) जोरात जायचं नाही, फार जोर लावला तर लैला नावाची यंत्रणा तुमच्या सिग्नलवर सायरन वाजवते आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. एसएसबीला (आवाजाने बोलायच्या मोडला) ८०-९० सेंटिमीटरच्या डिशवर थोडे वॉट पुरतात.

प्रश्न : नागपूर. लोकल रिपीटरसाठी (ऐकलेला सिग्नल परत पाठवणाऱ्या स्टेशनसाठी) गच्चीवर सर्क्युलर क्रॉस यागी (काटकोनातल्या दोन यागी) लावली तर रेंज वाढेल का?

उत्तर : नाही, कमी होईल. रिपीटर उभ्या पोलरायझेशनवर असतो, तुमच्या ५ वॉटपैकी २.५ वॉट आडव्या दिशेत वाया जातील, ऐकतानाही तेच. रिपीटर कुठे आहे माहीत आहे, तो हलत नाही, त्याची अँटेना उभी आहे हेही माहीत आहे, मग तुमचीही उभी ठेवा. समोरच्याची दिशा आपल्या हातात नसते तिथेच सर्क्युलर कामाचं. एफएम रेडिओ स्टेशनं बऱ्याचदा सर्क्युलर पाठवतात ते यासाठीच, कुणाच्या गाडीवर उभी व्हिप, कुणाच्या घरात वायर आडवी लटकतेय, त्यांना काय माहीत. एफपीव्ही (ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवणारे) ड्रोनवाले ५.८ गिगाहर्ट्झवर सर्क्युलर वापरतात त्यात आणखी एक कारण आहे, ड्रोन कलंडतो हे तर आहेच, शिवाय भिंतीवरून एकदा आपटून येणारा सिग्नल उलट्या दिशेचा होतो आणि अँटेना तो बराचसा नाकारते.

प्रश्न : दादा, दोन मीटरची क्रॉस यागी केली. दोन्ही डायपोल वेगवेगळे ५० ओहमला ट्यून केले, एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१. मग एकाला पाव वेव्हलेंग्थ कोॲक्स केबल जास्त देऊन टी (तीन तोंडांचा जोड) ने जोडले तर एसडब्ल्यूआर २ च्या खाली येतच नाही. कुठे चुकतंय? (पुणे)

उत्तर : २ आलाय हे उत्तम लक्षण आहे, म्हणजे तुमचे दोन्ही डायपोल खरंच ५० आहेत. ५० आणि ५० समांतर म्हणजे २५, आणि २५ ओहमला एसडब्ल्यूआर २ च येणार. उपाय असा, प्रत्येक बाजूला टी च्या आधी ७५ ओहम कोॲक्सचा पाव वेव्हलेंग्थचा तुकडा घाला. तो ५० चे ११२ करतो, दोन ११२ समांतर ५६, एसडब्ल्यूआर १.१ च्या आसपास. उशीर करणारा जास्तीचा तुकडा ५० ओहमचाच असू द्या आणि तो डायपोलच्या बाजूला, ७५ च्या तुकड्याच्या अलीकडे.

लांबी कापताना घाई नको. १४५.९ मेगाहर्ट्झची हवेतली पाव वेव्हलेंग्थ ५१.४ सेंटिमीटर. आरजी-५८ केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला लहरीचा वेग, हवेतल्याच्या तुलनेत) ०.६६, म्हणजे तुकडा ३३.९ सेंटिमीटर. पण ७५ ओहम म्हणून तुम्ही तपकीर गल्लीतून केबल टीव्हीची आरजी-६ आणणार, ती फोमवाली, तिचा फॅक्टर ०.८२ ते ०.८५, तुकडा ४२-४४ सेंटिमीटर. छापील आकड्यावर जाऊ नका, थोडा लांब कापा, दुसरं टोक उघडं ठेवून नॅनोव्हीएनएवर (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) बघा, ज्या फ्रिक्वेन्सीला तो शॉर्ट दिसतो तिथे तो पाव वेव्हलेंग्थ आहे, मग मिलिमीटर मिलिमीटर छाटत १४५.९ ला आणा. आणि त्या केबलची जाळी ॲल्युमिनिअमची असते, तिला सोल्डर धरत नाही, एफ कनेक्टर क्रिंप करा.

एसडब्ल्यूआर चांगला आला म्हणजे अँटेना सर्क्युलर झाली असं धरून चालू नका. पाव वेव्हलेंग्थच्या फरकामुळे दोन डायपोलकडून परत येणाऱ्या लहरी टी पाशी एकमेकांना खोडतात, त्यामुळे दोन्ही डायपोल सारखेच बिघडलेले असले तरी मीटर गोड आकडा दाखवतो. खरी परीक्षा वेगळी. मोकळ्या जागेत काही मीटरवर एका लहान डायपोलमधून कमी पॉवर सोडा, तो डायपोल समोरासमोर ठेवून हळूहळू पूर्ण फिरवा आणि तुमच्या यागीवर सिग्नल किती वरखाली होतो ते बघा. १-२ डीबी झाला तर फार छान, ३ पर्यंत चालवून घ्या, ८-१० होत असेल तर एक बाजू नीट फीड होत नाहीये. दिशा उलटी निघाली तर कोॲक्स कापू नका, एका डायपोलची फक्त दोन टोकं अदलाबदल करा.

बसवताना + असा न बसवता × असा बसवा. + मध्ये उभे एलिमेंट लोखंडी पाईपला समांतर येतात आणि त्या बाजूचा पॅटर्न बिघडतो. बूम मागून धरता आला किंवा शेवटचा मीटरभर पाईप फायबरचा लावता आला तर सगळ्यात बरं.

प्रश्न : निवृत्त आहे, वेळ भरपूर, चंद्रावरून सिग्नल परतवायचा विचार करतोय. १२९६ मेगाहर्ट्झला पाठवताना राईट आणि घेताना लेफ्ट असं वाचलं, ही छपाईची चूक आहे का? (डोंबिवली)

उत्तर : चूक नाही काका, बरोबर छापलंय. वर डिशचं सांगितलं तेच चंद्रही करतो, राईट गेलेली लहर अडीच सेकंदांनी लेफ्ट होऊन परत येते. सगळ्यांनी हाच संकेत पाळल्यामुळे पुण्याचा माणूस आणि ब्राझीलचा माणूस यांना एकमेकांची उभी-आडवी दिशा कशी जुळते हा हिशोबच करावा लागत नाही. १४४ ला मोठ्या यागींचे ॲरे असतात आणि लोक बहुधा लिनिअरच वापरतात, तिथे फॅरडेमुळे कधी कधी असं होतं की तुम्हाला समोरचा ऐकू येतो पण त्याला तुम्ही नाही, मग आयनोस्फिअर वळेपर्यंत वाट बघायची, नाहीतर उभी-आडवी बदलता येणारी क्रॉस यागी ठेवायची.

१२९६ च्या डिशला सेप्टम फीड करा. पाईपमध्ये पायऱ्या कापलेला एक पत्रा आणि दोन पोर्ट, एका पोर्टातून राईट निघतं, दुसऱ्यात लेफ्ट येतं, त्यामुळे पॉवर ॲम्प्लिफायर एकीकडे आणि एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) दुसरीकडे कायमचे जोडता येतात. तरी डिशवरून थोडी पॉवर उलटी होऊन थेट एलएनएच्या पोर्टात शिरतेच, म्हणून ट्रान्समिटच्या वेळी एलएनए तोडणारा रिले आणि हे सगळं ठरलेल्या क्रमाने चालू-बंद करणारा एक सिक्वेन्सर लावाच.